मशालजीची खुर्ची

३ फेब्रुवारी

चि. बंधुराजास,

फोन तू उचलत नाहीस, आणि उचललास तरी नंतर ‘मी असं म्हटलंच नव्हतं’ म्हणतोस. म्हणून यापुढे जे काय ते लेखी. बाइंडर दर सोमवारी माझ्या चष्म्याच्या दुकानात पावतीपुस्तकं पोचवतो आणि गुरुवारी तुमच्या लिफ्ट कंपनीत तपासणीच्या वह्या. पत्रं त्याच्याच हाती जातील-येतील. पाकीट चिकटवून देतोय, काळजी नको.

कालचं तू केलंस ते बरं केलं नाहीस. सोळा वर्षं आपण पाच जण रविवारी दुपारी तीनला माझ्या दुकानामागच्या खोलीत बसतोय. मी गोष्ट सांगतो; तू, तुझी वहिनी, तुझा पशुवैद्य मित्र आणि बाइंडर आपापलं पात्र खेळता; पुढे काय होतं ते फासे आणि नियमपुस्तक ठरवतं. एका पुस्तकावर सोळा वर्षं निघाली. आणि काल तू खेळ काढणाऱ्या कंपनीनं छापलेली त्या पुस्तकाची नवी आवृत्ती टेबलावर आपटून म्हणालास, “दादा, आता हे.” मी जणू कुणाच्या तरी जुन्या नंबरचा चष्मा घालून बसलोय!

वाचलं मी तुझं पुस्तक. त्यात सगळ्यांना अंधारात दिसतं. मग अंधार ठेवलाय कशाला? आपल्या पुस्तकात मशाल सहा फेऱ्या जळते आणि विझली की विझली. मेलेलं पात्र मेलं. तुझ्यात मरणाऱ्याला तीनदा फासा टाकायला मिळतो. त्याला खेळ म्हणत नाहीत, लाड म्हणतात.

वाटीखाली फासा ठेवून मत द्यायची पद्धत माझीच. पांढरा म्हणजे जुनी, लाल म्हणजे नवी. माझा आणि वहिनीचा पांढरा, तुम्हा दोघांचा लाल, आणि बाइंडरच्या वाटीखाली दोन्ही! सोळा वर्षं घरचा असल्यासारखा माझ्या टेबलावर बसला आणि वेळ आली तेव्हा त्यानं मत बाद केलं. त्याच्या एका फाशानं टेबल मोडलं नसतं.

तेव्हा तो तुझा. गोष्ट सांगणारा धरून खेळायला किमान तीन जण लागतात, हे दोन्ही आवृत्त्यांत आहे, म्हणजे तुला गरज आहेच. मी आज त्याला स्पष्ट सांगितलं, “रविवारी तिकडे जा, तिथं तुमची वाट बघतायत.” त्याला ना बायको ना पोर. दुकानावरची खोली, एक कॉट आणि खालून येणारा खळीचा वास. रविवार काढून घेतला तर त्याच्याकडे उरतं काय? तुझ्याकडे त्याच्या पात्राला, मशाल धरणाऱ्या मशालजीला, काम नाही हे त्याला महिनाभरात कळेल, नाक मुठीत धरून माझ्या दारात येईल, वहिनीसमोर ‘जुनीच खरी’ म्हणेल, मग घेईन आत.

तुझा,
दादा

१३ फेब्रुवारी

ती. दादास,

साष्टांग नमस्कार घालणार होतो, पण दोन दिवस लिफ्टच्या खड्ड्यात वाकून पाठ धरलीये. उभ्याउभ्याच घे.

तुझा बाइंडर आला रे. पावणेतीनलाच आला, तुझ्याकडे यायचा तसाच, बगलेत ती फाशांची पत्र्याची डबी धरून. आणि काय सांगू, त्याचं सोनं झालं! आमच्या आवृत्तीत मशालीची गरज नाही, तेव्हा आम्ही मशालजीच्या हातात तलवार दिली. पहिल्याच डावात एक तुटका पूल आला. मी मागे, पशुवैद्य मागे, आणि हा म्हणतो, “मी जातो.” वीस बाजूंचा फासा टाकला. वीस! पशुवैद्य खुर्चीवर उभा राहून टाळ्या पिटत होता.

बाइंडर हसला, दादा. तुझ्याकडे सोळा वर्षांत तो हसलेला आठवतो का बघ. तू त्याला सोळा वर्षं दुसऱ्यांना उजेड दाखवायला उभा केलास. पुढे कोण? वहिनीची जादूगारीण, नाहीतर माझा तिरंदाज. मागे मशाल धरून कोण? हा. आणि सहा फेऱ्या झाल्या की तू घड्याळ ठोकून ओरडायचास, “मशाल विझली! बाइंडर, झोपलात काय?” मला तेव्हाही वाईट वाटायचं. (मी बोललो नाही, कारण तू मोठा.)

त्याला यातलं काही विचारू नकोस, लाजतो. आणि परत येईल या भ्रमात राहू नकोस.

तुझा मामेभाऊ,
जो दूरचं बघतो आणि त्यासाठी तुझ्या दुकानात येत नाही

१७ फेब्रुवारी

चि. बंधुराजास,

विचारलंच. पत्र वाचलं आणि समोर उभा होता तेव्हाच विचारलं. “कसं चाललंय तिकडे?” तर म्हणतो, “छान चाललंय.” आणि पावतीपुस्तकांचे गठ्ठे सरळ करत बसला. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मला राग आला हे मी लपवत नाही.

ठेव तुझ्याकडे. एक वीस पडला म्हणून नाचू नकोस. दोन फाशांची बेरीज करायला त्याला बोटं लागतात, तीन फासे आले की शेजाऱ्याची बोटं लागतात. एकेका डावाला तो ओठ हलवत नियम वाचायचा आणि आम्ही सगळे चहा गार करत बसायचो. डोक्यात निम्मी खळ भरलीये त्याच्या. मी सोळा वर्षं सांभाळला तो दया म्हणून. तो माणूस म्हणून टेबलावर नव्हताच. खुर्ची रिकामी दिसू नये म्हणून होता.

जुनं नियमपुस्तक त्याच्याकडे चौथ्यांदा बांधायला दिलंय. शिवण सैल झालीये, पण पान एक हललेलं नाही. सोळा वर्षांच्या माझ्या पेन्सिलीच्या नोंदी कडेला आहेत, प्रत्येक वाद आणि त्याचा निकाल. ते पुस्तक म्हणजे माझं आयुष्य आहे, असं म्हटलं तर तू हसशील. हस.

इथं तिसरा माणूस अजून मिळाला नाही. वहिनी विचारते, “दोघांनी काय खेळायचं? मी जादू करते, तुम्ही बघा?” तिला मी थांब म्हटलंय.

दादा

२७ फेब्रुवारी

ती. दादास,

हसलो.

तुझ्या बाइंडरनं परवाच्या रविवारी काय केलं सांगतो. एका किल्ल्याच्या राणीनं मशालजीला मानाचं पान दिलं, म्हणजे नोकरी, घोडा आणि महालात खोली. कॉट नाही हां, पलंग. बेरजा तो आता मनातल्या मनात करतो. तुझ्या टेबलावर त्याची बोटं का चालायची माहितीये? तू समोर बसलेला असायचास म्हणून.

आता तुला आनंद होईल असं एक सांगतो, कारण कधीतरी तुलाही काहीतरी मिळायला पाहिजे. माझ्या नव्या पुस्तकाची पानं सुटली. तीन आठवडे झाले नाहीत तर सत्तावीस पानं हातात आली. कंपनीनं नुसतं डिंकावर चिकटवलंय, शिवलेलं नाही. मीही ते बाइंडरकडे दिलं. त्यानं पान उलटंसुलटं केलं, वास घेतला, आणि “होईल” म्हणाला. त्यामुळे सध्या दोन्ही आवृत्त्या त्याच्या दुकानात एकमेकींच्या शेजारी पडल्यात. आपल्यापेक्षा शहाण्या आहेत, भांडत नसतील.

पशुवैद्याला सध्या गाईंची बाळंतपणं आहेत, त्यामुळे एखादा रविवार चुकतो. बाकी टेबल भरलेलं असतं.

तुझा मामेभाऊ

१० मार्च

चि. बंधुराजास,

तुला वाटत होतं ना, येणार नाही म्हणून? आला.

गेल्या शनिवारी आला. दारात उभा. “रविवारी तिकडे जावं लागतं, शनिवारी इथं येऊ का?” म्हणाला. मी लगेच हो म्हटलं नाही. वहिनीसमोर उभं केलं आणि त्याच्या तोंडून वदवून घेतलं: जुनी आवृत्ती खरी, नवी म्हणजे पोरखेळ. म्हणाला. मग बसवला.

आणि मग मी त्याला खेळवला, नियमाप्रमाणे. मशालजीला विहिरीत उतरवला. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा. मशाल विझली. खाली पाणी आणि वर दोर नाही. फासा टाकायला लावला, दोन आले. मेला. तुझ्या पुस्तकात आणखी दोनदा टाकता आला असता, माझ्यात नाही. त्याच्या पात्राचा कागद, तो सोळा वर्षांचा, खोडखोडून पातळ झालेला, मी त्याच्यासमोर फाडला. चार तुकडे केले. तो बघत राहिला. डोळ्यांत पाणी आलं होतं. जाताना म्हणाला, “पुढच्या शनिवारी येतो.”

तर बघ. तुझ्याकडे पलंग, राणी आणि घोडा. माझ्याकडे विहीर. आणि तरी तो माझ्याकडे येतो. खरा खेळ कुठला ते बाइंडरलाही कळतं.

दादा

२० मार्च

ती. दादास,

तुझं पत्र दोनदा वाचलं. गुरुवारी तो वह्या घेऊन आला तेव्हा विचारलं, “शनिवारी दादाकडे जाता म्हणे?” खाली बघून म्हणाला, “जातो.” म्हणजे खरं आहे. कागद फाडलास तू त्याचा. बापरे. मी खट्याळ आहे, तू दुष्ट आहेस.

पण आता तुझा आनंद जरा कमी करतो. ऐक. तो माझ्याकडे कधी बसलाच नाही.

पहिल्या रविवारी आला हे खरं, पावणेतीनला आला, डबी होती, तेही खरं. मी त्याला दारातूनच परत पाठवलं. म्हटलं, “अहो, या आवृत्तीत अंधार नाही, मशालजीचं काम काय?” तर म्हणाला, “मग मी नुसता बसून बघतो.” मी म्हटलं, “खुर्ची नाही.” खुर्ची होती. तिच्यावर मांजर बसलं होतं. त्यालाही दिसलं ते. थोडा वेळ मांजराकडे बघत उभा राहिला, मग “बरं” म्हणून जिना उतरला. लिफ्टनंसुद्धा गेला नाही.

पूल, वीस, राणी, घोडा, सगळं मी रचलं, तुला जळवायला. तू विचारल्यावर तो ‘छान चाललंय’ का म्हणाला ते मला अजून कळलेलं नाही. मला वाटलं होतं त्याच दिवशी माझं बिंग फुटणार. तेव्हा तू जो विजय मिळवलायस ना, तो माझ्या दारातून हाकललेल्या माणसावर. मी टाकलेलं तू उचललंस आणि वर फाडलंस. लखलाभ.

माझं टेबलही नाही. पशुवैद्य दोन रविवार आला, मग म्हणाला, दोघांत काय मजा. हे आता सांगून टाकतो, कारण जिंकण्यासारखं काही राहिलेलं नाही.

तुझा मामेभाऊ

२४ मार्च

चष्मेवाले आणि लिफ्टवाले, दोघांस,

मला पत्र लिहायची सवय नाही. एकच मजकूर दोनदा लिहून एकेक तुम्हा दोघांना देत आहे.

पहिलं पाकीट माझ्याच दुकानात बनलेलं होतं. त्याला खळ कमी लागली होती, ते रस्त्यातच उघडलं. आत माझं नाव दिसलं म्हणून वाचलं. पुढची सगळी मी ओल्या फडक्यानं उघडली आणि परत चिकटवली. ते काम मला येतं. चूक आहे, पण केली.

मतदानाचं आधी सांगतो. मला वाटलं, दोन्ही फासे ठेवले तर तुम्ही म्हणाल, चला, एक रविवार हे, एक रविवार ते. मत बाद होतं हे मला माहीत नव्हतं. सोळा वर्षांत आपण कधी मतदान केलंच नव्हतं.

चष्मेवाल्यांनी विचारलं तेव्हा मी ‘छान चाललंय’ म्हटलं, कारण त्या पत्रातला बाइंडर फार चांगला खेळत होता. पुलावर पुढे गेला होता. मला त्याला खोटं पाडवेना. दर गुरुवारी मी तुमची पत्रं त्याचं पुढे काय झालं ते बघायला उघडायचो. मग मार्चात तो विहिरीत मेला. तुम्ही माझा कागद फाडला असं लिहिलंत, पण कागद माझ्याजवळच आहे, डबीत. तरी मी त्या दिवशी दुकान लवकर बंद केलं. लिफ्टवाल्यांनी शनिवारचं विचारलं तेव्हा ‘जातो’ म्हटलं, कारण मेलेल्या माणसाचं आणखी काय सांगायचं.

रविवारी तीन ते सात मी मोठ्या दवाखान्याच्या बाहेरच्या हॉलमध्ये बसतो. तिथं बसलेल्याला कुणी ‘का बसलात’ म्हणत नाही. एकदा शिपायानं विचारलं, मी म्हटलं, पेशंट आत आहे. मांडीवर पुठ्ठा ठेवून एकटाच फासे टाकायचो. तिसऱ्या रविवारी शेजारच्या बाईंनी विचारलं, हे कसले हो इतक्या बाजूंचे फासे? त्यांचे यजमान आत होते.

तुमची पुस्तकं बांधून झाली. एकच पुस्तक झालं आहे. एक पान जुन्याचं, एक पान नव्याचं, असं शेवटपर्यंत लावून पानांतून आरपार दोऱ्याची शिलाई घातली आहे. घट्ट आहे. सोडवायला गेलात तर दोन्ही फाटतील. जुनं मापानं मोठं होतं, नवं लहान. सारखं करायला जुन्याच्या कडा मशीनखाली कापाव्या लागल्या. पेन्सिलीच्या नोंदी त्यात गेल्या. कातरण रद्दीवाल्यानं नेली. नव्याला मुळात शिवणीची जागा सोडलेलीच नव्हती, त्यामुळे टाके अक्षरांतून गेले आहेत.

पुठ्ठ्याच्या आतल्या अस्तराच्या कागदावर तुम्ही माझ्याबद्दल लिहिलेली वाक्यं उतरवली आहेत. पुढच्या बाजूला चष्मेवाल्यांची, मागच्या बाजूला लिफ्टवाल्यांची. अक्षर शक्य तेवढं चांगलं काढलं आहे. पुस्तक आज चष्मेवाल्यांच्या दुकानात ते नसताना वहिनींच्या हाती दिलं.

पावतीपुस्तकं आणि वह्या यापुढे दुसरीकडून करून घ्या. पत्रं पोस्टात टाका.

बाइंडर

७ एप्रिल

चि. बंधुराजास,

हे पोस्टानं येतंय, म्हणजे चार दिवस शिळं असेल.

तो शनिवार मी रचला होता. तू पूल रचलास, मी विहीर. एवढं कबूल करायला मला दोन आठवडे लागले.

वहिनीनं अस्तर वाचलं. मी दुकानात आलो तर ती माझ्या खुर्चीवर बसून मोठ्यानं वाचत होती, समोर एक गिऱ्हाईक डोळे तपासायला बसलेलं. “तो माणूस म्हणून टेबलावर नव्हताच, खुर्ची रिकामी दिसू नये म्हणून होता.” मग माझ्याकडे बघून म्हणाली, “हे तुमचं अक्षर नाही, पण बोलणं तुमचंच आहे.” त्यानंतर आमच्यात कामापुरतं बोलणं आहे. मला लाज वाटली. खरंच वाटली. पण त्याच रात्री मी कात्रीचं टोक शिवणीत घालून बघितलं, हेही सांगतो. सुटत नाही. पहिलं पान जुन्याचं आहे, हे तुझ्या लक्षात आणून देतो. त्याला काहीतरी वाटत असल्याशिवाय त्यानं ते आधी लावलं नसतं.

वहिनी रविवारी अडीचला तयार होऊन बाहेर पडते. कुठं जाते ते ती सांगत नाही आणि मला विचारायची गरज नाही. काल मी मागोमाग गेलो.

दवाखान्याच्या हॉलच्या त्या टोकाला खिडकीखाली त्यांनी दोन बाकं समोरासमोर ओढलीत. मध्ये स्टुलावर बाइंडरचा पुठ्ठा. वहिनी, हाताला प्लास्टर घातलेला एक ड्रायव्हर, ती यजमान आत असलेली बाई, आणि एक म्हातारे मास्तर, ज्यांना ऐकू कमी येतं. गोष्ट बाइंडर सांगतो! पुस्तक नाही, सगळं तोंडी. बेरीज चुकली की मास्तर ओरडून सांगतात आणि सगळे हसतात, तोसुद्धा हसतो. तू ते खोटं लिहिलं होतंस ना, तो हसला म्हणून? तसाच हसतो तो.

मी या टोकाला खांबाआड बसलो. मला एवढंच ऐकायचं होतं की ते कुठली आवृत्ती खेळतायत. मशाल सहाव्या फेरीला विझली, त्यानं स्वतः सांगितलं, “विझली.” म्हणजे माझी. मला बरं वाटलं. मग त्या बाईचं पात्र अंधारात पडलं, तिनं फासा टाकला, तीन आले. मी मनात म्हटलं, मेलं. तर तो म्हणतो, “इथं तीनदा टाकायचा.” म्हणजे तुझी. दुसऱ्यांदा पाच. तिसऱ्यांदा टाकायच्या आधी ती आतल्या दाराकडे बघत बसली. कुणी घाई केली नाही. मी असतो तर घड्याळ ठोकलं असतं. मग टाकला, आणि चौघंही पुठ्ठ्यावर वाकले. किती आले ते मला इथून दिसलं नाही.

वहिनीला मी दिसलो. तिनं बघितलं आणि बाक जरा तिरकं केलं, पाठ माझ्याकडे येईल असं. बाइंडरनंही बघितलं असावं. पण त्यानं नवी मशाल पेटवली आणि पुढे सांगायला लागला. मला कुणी बोलावलं नाही. एक तास बसलो. मग शिपाई आला आणि म्हणाला, “तुमचं कोण?”

मी म्हटलं, पेशंट आत आहे.

पुढच्या रविवारी येतोस का? जवळ जाता येणार नाही, पण माझ्या शेजारची खुर्ची रिकामी असते. तुझे डोळे चांगले आहेत, पुन्हा कुणी तिसऱ्यांदा टाकला तर किती पडले ते तुला दिसेल. शिपायानं विचारलं तर काय सांगायचं ते तुला आता माहीत आहे.

दादा